काकवी विसरते, भेंडी लक्षात ठेवते

(बारामती येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते सर गणित शिकवायचे. समीकरण मांडून झालं की खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि विचारायचे, "हे सापडेल कुठं?" कुणी पुस्तकाचं नाव घेतलं की म्हणायचे, "तिथं ते छापलंय. मी विचारतोय, सापडेल कुठं?" त्या प्रश्नाचं एक उत्तर द्यायला मी बराच उशिरा आलो आहे.

पत्रिकेत विषय छापला आहे : 'फिरत्या तबकड्यांमधील श्यान-स्थितिस्थापक द्रवांचा प्रवाह'. ती वाचून आमचे एक शेजारी म्हणाले, "हे ऐकायला यायचं, की परीक्षेला बसायचं?" मी म्हटलं, या, आणि येताना पाव किलो भेंडी आणा. ते आलेत. भेंडीही आली आहे.

दोन वाट्या

टेबलावर दोन वाट्या आहेत. एकीत काकवी. दुसरीत भेंडीचं पाणी. काल रात्री चिरलेली भेंडी पाण्यात भिजत घातली आणि सकाळी फडक्यातून गाळली. आता दोन्हींत एकेक चमचा बुडवून वर उचलतो. काकवीची धार बघा : जाड, संथ, सरळ. शेवटी बारीक होत जाते, तुटते आणि तुटलेला भाग मुकाट्यानं वाटीत पडतो. भेंडीच्या पाण्याची तार मात्र लोंबत राहते, आणि तुटली की वरचा तुकडा चटकन चमच्याकडे परत सरकतो.

दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, 'चिकट'. पण या वाट्यांतले गुण दोन आहेत. काकवी हलवायला जोर लागतो. ती वाहण्याला विरोध करते. हा विरोध म्हणजे श्यानता. चमचा थांबला की काकवीचा विरोधही तिथल्या तिथे संपतो. आपल्याला कुणी ओढलं होतं, याची तिच्यात काही नोंद उरत नाही. भेंडीचं पाणी काकवीपेक्षा कितीतरी पातळ आहे, पण ओढल्याचं ते काही काळ लक्षात ठेवतं आणि तेवढ्या काळात मागे फिरायला बघतं. ही स्थितिस्थापकता, म्हणजे रबराचा गुण. पाण्याचा आणि रबराचा असे दोन्ही गुण ज्या द्रवात एकत्र नांदतात, तो श्यान-स्थितिस्थापक द्रव.

आजच्या तासाभरात मला एकच गोष्ट सांगायची आहे. एखादा द्रव किती घट्ट आहे, एवढं विचारून भागत नाही. त्याला आठवण आहे का, आणि ती किती वेळ टिकते, हेही विचारावं लागतं. हा दुसरा प्रश्न विचारण्याचं साधन म्हणजे दोन तबकड्या.

पोळी आखडते, भाकरी आखडत नाही

आपल्याकडे हे ज्ञान परातीत फार जुनं आहे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही. त्याचा गोळा थापला की थापला तसा राहतो, आणि ओढला तर चिरतो. म्हणून भाकरी हातावर किंवा परातीत थापून मोठी करायची. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचं जाळं असतं. घाईघाईनं मळलेल्या कणकेची पोळी लाटली की लाटणं उचलताच आखडते. मग आई म्हणते, "जरा मुरू दे." पुरणपोळीची कणीक तर तेल-पाणी लावून तिंबायची आणि झाकून ठेवायची. त्या अर्ध्या तासात बाहेरून काहीच घडत नाही. आत मात्र मळताना ताणलेलं जाळं हळूहळू सैल होत असतं.

हा 'सैल होण्याचा काळ' जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली गणितात मांडला. पदार्थाला ताण दिला आणि तसाच धरून ठेवला, तर ताण किती वेळात ओसरतो? पाण्यात तो इतक्या झटक्यानं ओसरतो की आपल्याला जाणवतच नाही. रबरात फार काळ ओसरत नाही. कणीक मधे कुठेतरी.

पुढे अमेरिकेत युजीन बिंगहॅम यांच्या पुढाकारानं १९२९ साली प्रवाहविज्ञानाची, म्हणजे ऱ्हिऑलॉजीची, संस्था उभी राहिली. त्यांचे सहकारी मार्कस रायनर यांनी १९६४ साली एक गमतीदार अंक सुचवला : पदार्थाच्या आठवणीचा काळ भागिले आपण त्याच्याकडे बघत असलेला काळ. बायबलमधल्या डेबोराच्या गीतात पर्वत वाहिल्याचा उल्लेख आहे, म्हणून त्यांनी त्याला 'डेबोरा अंक' असं नाव दिलं. भावार्थ असा, की पुरेसा वेळ बघत राहिलं तर डोंगरही वाहतो. आई "मुरू दे" म्हणते तेव्हा ती हाच भागाकार करत असते. छेद वाढवते, एवढंच.

जातं उलटं फिरतं तेव्हा

आता तबकड्यांकडे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मधे बारीक फट : हे जातं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ऱ्हिऑमीटर नावाच्या यंत्राची मांडणी हीच असते. खाली स्थिर तबकडी, वर फिरणारी, मधे साधारण एक मिलिमीटर जाडीचा द्रवाचा थर. जात्याच्या खुंट्याला किती जोर लागतो हे बाईचा दंड सांगतो, इथे ते यंत्र मोजतं.

समजा, वरची तबकडी २५ मिलिमीटर त्रिज्येची आहे आणि सेकंदाला एक रेडियन फिरते. म्हणजे एक फेरा सव्वासहा सेकंदांत. कडेचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर झाला. फट एक मिलिमीटरची असल्यामुळे कडेच्या द्रवाचे थर एकमेकांवरून सेकंदाला जाडीच्या २५ पट या दरानं सरकतात. त्रिज्येच्या मध्यावर हा दर निम्मा होतो आणि केंद्रावर शून्य. एकाच थेंबात इतके वेगवेगळे दर! म्हणून काही यंत्रांत वरची तबकडी अगदी उथळ शंकूसारखी करतात. केंद्रापासून जितकं दूर जावं तितकी फटही वाढते, आणि सरकण्याचा दर सगळीकडे सारखा राहतो. सपाट तबकडी फिरवायला लागणारा जोर, म्हणजे पीळ, त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. त्रिज्या दुप्पट केली, तर पीळ १६ पट. मोठं जातं ओढायला दोघी का बसत, याला हिशेबाचाही थोडा आधार आहे.

इथवर काकवी आणि भेंडी एका रांगेत आहेत. फरक पडतो तो पुढे.

जात्यात मूठ मधल्या तोंडातून टाकतो आणि पीठ कडेनं बाहेर येतं. काकवी तबकड्यांमधे जोरात फिरवली, तर फिरत्या तबकडीजवळची काकवी अशीच कडेकडे फेकली जाते आणि स्थिर तबकडीजवळून केंद्राकडे परत येते. हे केंद्रोत्सारी प्रेरणेचं काम. आठवण असलेल्या द्रवात मात्र, वेग बेताचा असेल तर, हे चक्र उलटं फिरतं. फिरत्या तबकडीजवळचा द्रव आत येतो.

असं का होतं, हे ऊसतोडीच्या फडात चांगलं दिसतं. ऊस गोळा करून त्याभोवती वाढ्यांचा वेठ फिरवतात आणि पीळ देऊन आवळतात. वेठ ओढला जातो गोलाकार, पण मोळी दबते आतल्या बाजूला. आठवण असलेल्या द्रवातल्या लांब, साखळीसारख्या रेणूंचं तसंच होतं. फिरणारा प्रवाह त्यांना वर्तुळाकार रेषांवर ताणतो, आणि ताणलेलं प्रत्येक वर्तुळ आतल्या द्रवाला केंद्राकडे दाबतं. आत दाबलेला द्रव जाणार कुठे? वर. म्हणून तो वरची तबकडी उचलायला बघतो. यंत्रात दोन गोष्टी मोजल्या जातात : फिरवायला लागणारा पीळ आणि तबकड्यांना एकमेकींपासून ढकलणारा जोर. काकवीत हा दुसरा जोर सापडत नाही. भेंडीत सापडतो.

तबकडीऐवजी दांडा फिरवला तर असा द्रव दांड्यावर चढतो. बेकरीत पीठ मळायच्या यंत्राच्या हुकावर कणीक चढताना तुम्ही पाहिली असेल. व्हिएन्नात १८९३ साली जन्मलेले कार्ल वायसेनबर्ग १९३३ नंतर इंग्लंडमधे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्वालाफेकी यंत्रांसाठी घट्ट केलेल्या इंधनांवर काम चाललं होतं. त्या इंधनांचं हे विचित्र चढणं त्यांनी उलगडलं आणि १९४७ साली 'नेचर'मधे मांडलं. त्याला आज वायसेनबर्ग परिणाम म्हणतात. आठवणीचा काळ गुणिले सरकण्याचा दर, या गुणाकारालाही त्यांचंच नाव आहे. आपल्या यंत्रात कडेचा दर २५ होता. द्रवाची आठवण सेकंदाचा दहावा भाग असेल तर गुणाकार अडीच येतो. तो एकाच्या वर गेला की द्रवातलं रबर बोलू लागतं, असं ढोबळमानानं समजा.

फळ्यावरचं समीकरण

गणिताच्या विद्यार्थ्यांना हा विषय दुसऱ्या दारानं भेटतो. १९२१ साली थिओडोर फॉन कार्मान यांनी अमर्याद द्रवात फिरणाऱ्या एकाच तबकडीचा प्रश्न घेतला. त्यांनी असं गृहीत धरलं की वेगाचे घटक केंद्रापासूनच्या अंतराशी ठरावीक पद्धतीनं बदलतात. एवढ्यानं आंशिक अवकल समीकरणांचं जंगल एका चलाच्या साध्या अवकल समीकरणांत उतरलं. मग दोन तबकड्या आल्या. १९५१ साली बॅचलर म्हणाले, मधला द्रव गाभ्यासारखा एकजुटीनं फिरेल. १९५३ साली स्ट्यूअर्टसन म्हणाले, एक तबकडी स्थिर असेल तर गाभा फिरणारच नाही. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी दिसलं ते असं, की समीकरणांना एकाहून जास्त उत्तरं आहेत आणि परिस्थितीनुसार दोघांचीही चित्रं उभी राहू शकतात.

हे सगळं साध्या द्रवाचं. त्यात आठवण घालायची, तर १९५० साली जेम्स ओल्ड्रॉइड यांनी दिलेल्या समीकरणांसारखी समीकरणं लागतात. त्यांत द्रवाचा ताण स्वतःचा इतिहास घेऊन वाहतो. या वाटेनं आपल्या देशात पुष्कळ गणिती गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७६ साली आलेले आणि पुढे तिचे संचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी सुरुवातीच्या काळात अशा आठवणीच्या द्रवांच्या प्रवाहावर काम केलं होतं. त्याच प्रयोगशाळेत डॉ. आशिष लेले यांनी पॉलिमरच्या प्रवाहविज्ञानात काम उभं केलं. बारामतीहून तिथे पोचायला दोन-अडीच तास लागतात. हा विषय फार लांबचा नाही.

हे सापडेल कुठं?

आता सरांचा प्रश्न. नीरेच्या डाव्या कालव्यानं या पट्ट्याला ऊस दिला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे सहकारी कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तर साखर कारखान्यांची यंत्रंच घडली. माझा प्रवेश या गोष्टीत त्याच्याही आधीच्या पायरीवर झाला, गुऱ्हाळावर.

आमचे आजोबा गुळव्या. काहिलीत रस तापू लागला की ते ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी त्यात सोडायचे. थोड्या वेळानं काळपट मळी फेसासह वर यायची आणि मोठ्या झाऱ्यानं ती काढली जायची. मी विचारलं, भेंडीच का? ते म्हणाले, "ती घाणीला धरून आणते." पुढे पाक ११८ अंशांच्या आसपास आला की थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचे, आणि त्याआधी अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाक घेऊन अंगठा हळूच फिरवायचे. तर्जनी स्थिर, अंगठा फिरता, मधे पातळ थर. त्यांचं ऱ्हिऑमीटर त्यांच्या हातातच होतं.

"धरून आणते" हे रसायनशास्त्र अचूक आहे. भेंडीतल्या लांब शर्करा-साखळ्या रसातल्या सूक्ष्म कणांना एकमेकांशी बांधतात, पुंजके होतात आणि वेगळे काढता येतात. कारखान्यात तेच काम दुसरी साखळी करते. रसाला चुना आणि गंधकाचा वायू देऊन, उकळीपर्यंत तापवून तो क्लॅरिफायरमधे सोडतात. त्यात पॉलिॲक्रिलामाइड या कृत्रिम पॉलिमरचं द्रावण टाकतात. मात्रा किती? रसाच्या दहा लाख भागांत दोन-चार भाग. एवढ्यानं गाळ लवकर खाली बसतो. हे द्रावण तयार करताना पंखा जोरात फिरवायचा नसतो, कारण जोराच्या सरकण्यानं लांब साखळ्या तुटतात आणि तुटलेली साखळी कण बांधत नाही. तिथल्या कामगाराला कुणी ओल्ड्रॉइड शिकवलेला नसतो, पण पंखा हळू ठेवायचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

एक तिसरी साखळीही आहे, न बोलावता येणारी. तोडलेला ऊस गाडीत किंवा फडात पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. म्हणजे आपली साखर खाऊन आपल्यालाच तार देतात. रस बुळबुळीत होतो, गाळणं मंदावतं आणि साखरेचे दाणे एका बाजूनं लांबतात. शिळ्या उसाचा तोटा उताऱ्यात दिसतो, तसा तो बोटालाही कळतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स, पोल, प्युरिटी रोज मोजतात. आठवणीचा रकाना त्या तक्त्यात नाही. तो असावा का, हा इथल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं घ्यावा असा प्रश्न आहे. त्यासाठी परदेशी जावं लागणार नाही, हंगामात सायकलवरून नमुना आणता येईल.

साखरेच्या पाकातलं वादळ

आता ज्या प्रयोगासाठी मी इथवर आलो, तो सांगतो. १८८३ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी दाखवलं, की नळीतला प्रवाह एका मर्यादेपलीकडे वेगवान झाला की खळबळ माजते. जडत्व आणि श्यानता यांचं प्रमाण सांगणारा त्यांचा अंक साधारण दोन हजारांच्या वर गेला की प्रवाह अस्ताव्यस्त होतो. खळबळीला जडत्व लागतं, वेग लागतो. घट्ट द्रव हळू फिरवला तर तो शिस्तीतच फिरणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

इस्राएलच्या वाइझमन संस्थेत अलेक्झांडर ग्रॉइसमन आणि व्हिक्टर स्टाइनबर्ग यांनी दोन तबकड्या घेतल्या. एक स्थिर, एक फिरती. मधे कुठला द्रव भरला असेल? साखरेचा पाक. सुमारे ६५ टक्के साखर. त्यात दहा लाख भागांत ८० भाग पॉलिॲक्रिलामाइड. क्लॅरिफायरमधे पडते त्याच घराण्यातली साखळी, फक्त फार लांब. या द्रवाची आठवण काही सेकंदांची होती. तबकडी त्यांनी इतकी हळू फिरवली, की रेनॉल्ड्स अंक एकाच्याही खाली राहिला. नुसता पाक असता तर थर एकमेकांवरून शांतपणे सरकले असते. पण एका मर्यादेनंतर त्या पाकात खळबळ माजली. लहान-मोठे भोवरे उठले आणि तबकडी फिरवायचा जोर कित्येक पटींनी वाढला. २००० साली 'नेचर'मधे आलेल्या त्यांच्या लेखानं याला 'स्थितिस्थापक खळबळ' हे नाव पक्कं केलं.

कारण आपण मघाशी मोळीत पाहिलंच आहे. ताणलेली वर्तुळं आत दाबतात. द्रव जरासा आत सरकला की साखळ्या आणखी ताणल्या जातात, जास्त ताणल्या की जास्त दाबतात. आधीच्या फेऱ्यातला ताण ओसरण्याआधीच पुढचा येऊन बसतो. जडत्वाचा इथे काही संबंध नाही. जुना ताण न विसरता पुढे ढकलत राहिल्यामुळे हे वादळ उठतं. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी दाखवलं, की बारीक वळणदार नळीत हळू वाहणारे द्रवही या युक्तीनं छान मिसळतात. जे उपद्रव वाटत होतं, ते कामाला आलं.

मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा 'साखर' या शब्दाशी थांबलो. साखर, लांब साखळ्या आणि दोन तबकड्या. यातली एकही गोष्ट आमच्या गुऱ्हाळात कमी नव्हती. कमी होता तो मोजण्याचा सराव. आजोबांनी अंगठा हजारो वेळा फिरवला असेल, पण कुठल्या वेगानं आणि किती वेळ, हे कुणी वहीत लिहिलं नाही.

म्हणून समारोपाऐवजी गृहपाठ देतो. सरांना ते आवडलं असतं. आज रात्री घरी कणीक मळाल तेव्हा दोन गोळे करा. एक पाच मिनिटांनी लाटा, दुसरा अर्ध्या तासानं. दोन्ही पोळ्या एकाच ताटलीच्या मापाच्या लाटा. लाटणं उचललं की पट्टीनं व्यास मोजा, तीसपर्यंत आकडे म्हणा आणि पुन्हा मोजा. किती आखडली, ते लिहून ठेवा. मग ज्वारीची भाकरी थापून तेच करून बघा. पुढच्या वर्षी याच सभागृहात कुणी विचारलं, 'हे सापडेल कुठं?', तर पुस्तकाचं नाव सांगू नका. उत्तर मिलिमीटरमधे द्या.